घरी वर्कबेंच बांधताना : खान्देशातल्या हौशी कारागिरांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात घरी ठोकठाक करणारी माणसं कमी नाहीत. ठिबकचे जोड, पाण्याची मोटार, दाराची फळी, मुलांसाठी पाट, कानबाईसाठी चौरंग. यातलं बरंचसं काम ओट्यावर उकिडवं बसून, गुडघ्याखाली लाकूड दाबून होतं. ज्यांना आता नीट उभं राहून काम करायचंय आणि त्यासाठी स्वतःच्या मापाचं वर्कबेंच बांधायचंय, ते जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मापं इंच-फुटांत आहेत, कारण वखारीत आणि मिस्त्रींकडे तीच चालतात. पाइपची आणि प्लायवूडची जाडी मात्र मिमीत.

घरात जाड फळीचं जुनं टेबल आहे. तेच चालणार नाही का?

थोडंफार ठोकायला चालेल, रंधा मारायला चालणार नाही. रंधा, करवत, कानस या सगळ्यांचा जोर आडवा लागतो. घरातली टेबलं वरून येणारं वजन पेलायला केलेली असतात, आडवा जोर बसला की डुलायला लागतात. मग तुमची निम्मी ताकद टेबल हलवण्यात जाते, रंधा मध्येच उड्या मारतो आणि पटाशी घसरली तर थेट हातावर येते. वर्कबेंचकडून मला तीन गोष्टी हव्या असतात : ते हलू नये, वरून सपाट असावं आणि त्यावर लाकूड घट्ट धरून ठेवता यावं. ड्रॉवर, हत्यारं टांगायची पाटी, पॉलिश हे सगळं त्यानंतर.

सुरुवात कुठून करू? मोबाइलवर शेकडो डिझाइन दिसतात.

मोबाइल बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. वर्षभरात घरात आणि शेतात काय काय दुरुस्त केलंत, काय करायचं राहून गेलं ते लिहून काढा. रावेर-यावलकडच्या केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या यादीत पंप, फवारणीचं यंत्र, ठिबकचा फिल्टर वर येतील आणि लाकूडकाम पार खाली. त्याला लोखंडी सांगाडा, मेकॅनिकची व्हाइस (काम जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा) आणि ग्रीस सांडलं तरी हरकत नाही असा टॉप, म्हणजे टेबलाचा वरचा भाग, हवा. धुळ्यात फ्लॅटमध्ये राहून सुट्टीच्या दिवशी खेळणी आणि छोटं फर्निचर करणाऱ्याची गरज अगदी वेगळी.

दोन्ही कामं करायची असतील तर एकाच टेबलाची दोन टोकं वाटून घ्या. लोखंडाच्या टोकाला वरून पत्रा ठोका आणि ग्राइंडर तिकडेच चालवा. लोखंडाचा कीस बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडावर पडला आणि त्याला ओल लागली की काळे डाग पडतात. ते नुसत्या पुसण्याने जात नाहीत. तयार चौरंगावर असा डाग पडला की फार जिवाला लागतं.

उंची किती ठेवावी?

ही गोष्ट दुकानातून तयार मिळत नाही. स्वतःच्या मापाचं वर्कबेंच बांधायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

काम करताना पायात जी चप्पल असते ती घालून सरळ उभे राहा, हात मोकळे सोडा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत माप घ्या. हाताने रंधा मारायला, करवतीने कापायला ही उंची ठीक पडते, कारण रंध्यावर हातांबरोबर अंगाचा भारही टाकता येतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं हे माप साधारण ३१ ते ३२ इंच येतं, पाच फूट दोन इंचाच्या बाईचं ३० च्या आसपास. बाजारात मिळणारी बरीच टेबलं याहून उंच असतात आणि त्यावर तासभर रंधा मारला की खांदे भरून येतात.

बारीक काम असेल, म्हणजे सोल्डरिंग, कोरीव काम, मोटारीची जुळणी, तर टेबल बरंच उंच लागतं, कोपराच्या थोडं खाली. नाहीतर मान आणि कंबर बोलायला लागते. दोन्ही कामं करणाऱ्याने टेबल मनगटाच्या मापाचंच ठेवावं आणि बारीक कामासाठी वर ठेवायला सात-आठ इंच उंचीची एक भक्कम पेटी करून घ्यावी. उंच टेबल ठेंगणं करायला पाय कापावे लागतात, ठेंगण्यावर पेटी ठेवली की काम भागतं.

पक्कं करण्याआधी एकदा आजमावून बघा. आहे त्या टेबलावर विटा आणि फळ्या रचून ठरवलेली उंची उभी करा आणि अर्धा तास काहीतरी कापा. पाठ दुखली की नाही, यावरून लगेच कळतं.

मला बसूनच काम करायची सवय आहे. उभं राहणं गरजेचं आहे का?

अजिबात नाही. गावोगावचे सुतार मिस्त्री जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून दारं-खिडक्या करत आले आहेत आणि त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवू शकत नाही. गुडघे साथ देत असतील तर १६ ते १८ इंच उंचीचं, जाड फळीचं ठेंगणं बाक करा. त्याच्यावर एक पाय ठेवून लाकूड दाबता येतं आणि बसूनही काम होतं.

लांबी-रुंदी?

खोली परवानगी देईल तेवढी लांबी घ्या, पण सहा फुटांत घरातलं बहुतेक काम होतं. रुंदी दोन फूट. याहून रुंद केलं तर पलीकडच्या बाजूला हात पोचत नाही आणि तिथे सामानाचा ढीग साठतो.

पुढचे पाय टॉपच्या पुढच्या कडेच्या अगदी सरळ रेषेत आणा, आत घेऊ नका. दाराची फळी उभी धरून तिची कड रंधायची असेल तेव्हा ती फळी टॉपच्या कडेला आणि पायाला टेकवून क्लॅम्प करता येते. दोन्ही टोकांना मात्र टॉप पायांच्या बाहेर चार-सहा इंच असावा, क्लॅम्प अडकवायला.

सांगाडा लाकडी करू की लोखंडी?

लाकडी सांगाडा धक्का जिरवतो, त्याचा आवाज कमी येतो आणि तो आपल्याच हाताने करता येतो. पण त्यासाठी सांधे अचूक जमले पाहिजेत. सुरुवात करणाऱ्याला मी लोखंडी सांगाडाच सुचवतो. फॅब्रिकेशनचं दुकान तालुक्याच्या प्रत्येक गावात आहे आणि गेट-ग्रिल करणारा माणूस हा सांगाडा सहज करून देतो.

५० बाय ५० चा चौकोनी पाइप घ्या, जाडी २ मिमी. हा पाइप मीटरला साधारण ३ किलो भरतो, म्हणजे सहा बाय दोन फुटांच्या सांगाड्याला ४० किलोच्या आसपास माल लागेल. दुकानदार पातळ पाइप दाखवेल, तो स्वस्तही पडेल. घेऊ नका, इथे वजन आपल्याला हवंच आहे. खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या लावून घ्या, त्यांच्यावर फळी टाकून सामान ठेवा आणि मागच्या बाजूला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरका पाइप वेल्ड करून घ्या. तो तिरका पाइप म्हणजे निम्मं काम. चौकोन दाबला की लवंडतो, त्रिकोण लवंडत नाही.

प्रत्येक पायाच्या तळाशी नट वेल्ड करून त्यात १२ मिमीचा बोल्ट बसवायला सांगा. तापी-गिरणेच्या काठची जमीन काळी आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे शहाबादी फरशी पाच-सहा वर्षांत कुठे ना कुठे बसतेच. बोल्ट फिरवला की टेबल पुन्हा चारही पायांवर उभं राहतं, कागदाच्या घड्या कोंबाव्या लागत नाहीत.

टॉपसाठी कुठलं लाकूड घ्यावं?

परवडत असेल तर जुनं सागवान. साग कमी फुगतो, कमी आक्रसतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण साग मऊ बाजूला झुकणारा आहे, हातोडीचे खड्डे पडतात. वर्कबेंचवर खड्डे पडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

बाभूळ आपल्याकडे बांधाबांधावर आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, याचं मला नवल वाटतं. बैलगाडीची चाकं, वखराचे-नांगराचे भाग, कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे होत. कठीण, जड, चिवट. पायांना आणि आडव्या पट्ट्यांना यासारखं लाकूड नाही. एवढंच की ओली बाभूळ वाळताना फाटते, आणि वाळली की हत्यारांची धार खाते. कापून घेतल्यावर टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत वर्षभर तरी वाळू द्या.

कडुनिंब मधल्या प्रतीचा, सांगाड्याला चालतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्याला किडा फार लवकर लागतो. सातपुड्याचं अंजन दगडासारखं आहे, घरगुती हत्यारांनी त्याच्या वाट्याला जाऊ नये.

शेतातलाच साग किंवा आंबा तोडला तर?

आधी परवानगी. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, अंजन, जांभूळ ही झाडं आहेत. आपल्या मालकीच्या शेतात असली तरी ती विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत, आणि सागाचा माल रस्त्याने नेताना वन विभागाचा वाहतूक पास लागतो. नगरपालिकेच्या हद्दीत झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. वखारीतून घेतलंत तर बिल घ्या आणि जपून ठेवा.

जुन्या घराचं लाकूड कसं पारखायचं?

धाब्याची घरं उतरवली जातात तेव्हा निघणारे खांब आणि तुळया म्हणजे वर्कबेंचसाठी सोनं. कित्येक पावसाळे-उन्हाळे खाल्लेलं लाकूड आता आणखी काय वाकणार!

बघायला जाताना हातोडी, लोहचुंबक आणि पेचकस बरोबर न्या. हातोडी मारली की चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, आतून पोखरलेलं असेल तर आवाज दबका येतो. पेचकसाचं टोक दाबून बघा, विशेषतः भिंतीत गाडलेल्या टोकाला आणि मातीच्या धाब्याला टेकलेल्या वरच्या बाजूला, कारण ओल तिथेच मुरलेली असते. तुळई जमिनीवर आपटली आणि बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून जिवंत आहे, ती सोडून द्या. लोहचुंबक सावकाश फिरवा. मोडलेले खिळे वरून दिसत नाहीत, पण सॉ मिलच्या पट्ट्याचे दात तेच घालवतात, म्हणून मिलवाले असं लाकूड कापायला कुरकुरतात. खिळे काढून, तारेच्या ब्रशने चुना-माती घासून नेलंत तर तेही खुशीने कापून देतात.

जुन्या खाचा बुजवायच्या असतील तर त्याच लाकडाचे तुकडे चिकटवा.

रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर मिळतोय. घेऊ का?

भुसावळकडून हा प्रश्न हमखास येतो. घेऊ नका. लाकूड टिकावं म्हणून स्लीपरला क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल पाजलेलं असू शकतं. ते कातडीला आणि फुप्फुसाला घातक आहे. कापताना त्याची धूळ नाकात जाईल आणि पुढे रोज त्यावर हात टेकाल.

लाकूड जमत नाही. प्लायवूडचा टॉप टिकेल का?

उत्तम टिकेल. १८ किंवा १९ मिमीची आठ बाय चार फुटांची एक शीट आणा. त्यातून सहा बाय दोनचे दोन तुकडे निघतात. ते एकमेकांवर चिकटवले की जवळपास दीड इंचाचा टॉप तयार. उरलेल्या दोन बाय दोनच्या दोन तुकड्यांतून खालची फळी निघते. शीटवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा डिंक) शिक्का असला तरी घरात पुरे. उघड्या पडवीत ठेवणार असाल तर आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लायवूड घ्या.

दोन तुकडे चिकटवताना सपाट फरशीवर ठेवा. मधूनच खिळे न मारता खालून स्क्रू द्या, म्हणजे पुढे वरून भोक पाडताना ड्रिल अडकणार नाही.

आपल्या हवेत लाकूड वाकतं म्हणतात. काय काळजी घ्यायची?

लाकूड वाकण्यापेक्षा रुंदीत लहान-मोठं होतं आणि ते कुणाला थांबवता येत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. जूनअखेर पाऊस लागला की तेच लाकूड हवेतली ओल ओढून फुगतं. सागासारख्या शहाण्या लाकडाचा दोन फूट रुंदीचा टॉपसुद्धा या दोन टोकांत चार-पाच मिमीने बदलू शकतो. लांबीत मात्र बदल जवळजवळ शून्य.

सगळा घोटाळा होतो तो टॉप सांगाड्याला चारही बाजूंनी करकचून आवळल्यामुळे. उन्हाळ्यात आवळलेला टॉप पावसाळ्यात मधून वर उचलला जातो, पावसाळ्यात आवळलेला उन्हाळ्यात फाटतो. सांगाड्यावर पुढच्या बाजूची भोकं गोल पाडा, मागच्या बाजूची लांबट, रुंदीच्या दिशेने. स्क्रूला वॉशर घालून बेताने आवळा. पुढची कड जागेवर राहते आणि टॉप मागच्या बाजूला हवा तेवढा सरकतो. प्लायवूडला ही चिंता नाही, त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने एकमेकांना धरून ठेवतात.

लाकूड आणल्या आणल्या कापायला घेऊ नका. ज्या खोलीत टेबल राहणार आहे तिथेच, मध्ये पट्ट्या घालून महिनाभर रचून ठेवा. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर १२ टक्क्यांच्या आत आल्यावरच हात लावा. पश्चिमेच्या खिडकीखाली टेबल ठेवू नका, दुपारचं ऊन एकाच बाजूने तापवतं आणि टॉपला पीळ पडतो.

टॉप सपाट आहे हे कसं ओळखायचं?

दोन सारख्या मापाच्या, अगदी सरळ पट्ट्या घ्या, दोन-अडीच फुटांच्या. एक टॉपच्या या टोकाला आडवी ठेवा, दुसरी त्या टोकाला. आता खाली वाकून एक डोळा मिटा आणि जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबची पट्टी बघा. दोन्ही कडा एका रेषेत दिसल्या तर पीळ नाही. लांबच्या पट्टीचं उजवं टोक वर डोकावत असेल तर तो कोपरा उंच आहे, किंवा त्याच्या तिरक्या समोरचा. दोन्ही उंच कोपरे तिरक्या रेषेत रंधत जा आणि पुन्हा बघा. पट्टीला गडद रंग दिला तर फट चटकन दिसते.

फेविकॉल कोणता आणि कधी लावावा?

घरातल्या टेबलाला फेविकॉल एसएच, ओल लागणाऱ्या जागी फेविकॉल मरीन. एप्रिल-मेमध्ये चिकटवायचं काम सकाळी लवकर उरका. दुपारी डिंक पसरेपर्यंत पहिल्या टोकाला साय धरते आणि जोड कच्चा राहतो. क्लॅम्प आधी मोजून, उघडून हाताशी ठेवा. पांढरा डिंक उष्णतेने मऊ पडतो, म्हणून तापलेल्या पत्र्याखाली ठेवायच्या टेबलाचा भार डिंकावर टाकू नका, तिथे बोल्ट द्या.

व्हाइस कुठली आणि कुठे बसवायची?

लाकडासाठी सुतारी व्हाइस, सात ते नऊ इंच जबड्याची. ती टॉपच्या पुढच्या कडेला, उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या टोकाला बसवावी. जबड्याची वरची कड टॉपच्या पातळीत किंवा किंचित खाली, आणि दोन्ही जबड्यांना आतून लाकडाच्या फळ्या लावाव्यात, म्हणजे कामाला ओरखडे पडत नाहीत.

पाइप आणि मोटारीच्या कामाची लोखंडी व्हाइस वेगळी. चार इंची घरात पुरते. ती अगदी पायाच्या वर बसवा, मध्यावर नको, नाहीतर ठोकताना टॉप उसळतो. तिचा आतला, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. मग लांब पाइप उभा धरला तरी खाली टेबलाला अडत नाही.

टॉपला गोल भोकं पाडलेली दिसतात, ती कशासाठी?

त्यात लाकडी खुंट्या घालून कामाला अडवण देता येते, किंवा लोखंडी आकडा ठोकून लाकूड दाबून ठेवता येतं. भोक पाऊण इंचाचं, टॉप किमान दोन इंच जाड. प्लायवूडचा टॉप असेल तर भोकांच्या जागी खालून आणखी एक तुकडा चिकटवा. आकडा गावातला लोहार सळई वाकवून करून देतो. सगळी भोकं एकदम पाडू नका, जिथे गरज वाटेल तिथे एकेक पाडत जा.

तेल कुठलं पाजावं? घरचं शेंगदाणा किंवा सरकीचं तेल चालेल?

नाही. शेंगदाण्याचं तेल लाकडात वाळत नाही, सरकीचं धड वाळत नाही. दोन्ही चिकट राहतात, धूळ धरतात आणि पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल वाळतं. रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल घ्या, कच्चं वाळायला फार दिवस लागतात. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या. टॉप गुळगुळीत चकचकीत करू नका, काम घसरतं. जेवढं वर, तेवढंच टॉपच्या खालच्या बाजूलाही पाजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडली की कापड आपोआप पेट घेतं, काडी लावायची गरज नसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका वाढतोच. चिंधी उलगडून अंगणात एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

वाळवीचं काय?

लाकडी पाय जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका. पायाखाली फरशीचा तुकडा किंवा लोखंडी बोल्ट द्या आणि भिंतीपासून दोन इंच सोडा, म्हणजे मातीची नळी चढताना दिसते. सागाचा पांढरट बाहेरचा भाग वाळवीला चालतो, तो कापून टाका.

विजेची सोय?

टेबलाजवळ १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिमीची वायर आणि पक्कं अर्थिंग. वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, हवाच. वायर टेबलाच्या मागून न्या, पुढून लोंबती ठेवू नका.

चाकं लावली तर?

शक्यतो नको. लावायचीच असतील तर काम करताना वर उचलली जाणारी लावा.

मी स्वतः करणार नाही, मिस्त्रींकडून करून घेणार आहे. त्यांना काय सांगू?

मिस्त्री तुम्हाला टेबल करून देतील, कारण त्यांच्याकडे टेबलच मागितलं जातं. म्हणून कागदावर चित्र काढून न्या, त्यावर मनगटापर्यंतची उंची, टॉपची जाडी, पाय पुढच्या कडेच्या रेषेत, तिरकी पट्टी आणि मागची लांबट भोकं एवढं ठळक लिहा. लाकडी सांगाडा असेल तर नुसते खिळे-स्क्रू नकोत, पायात खाच पाडून आडवं लाकूड आरपार बसवायला सांगा आणि वरून खुंटी ठोकून घ्या. जुने मिस्त्री हा सांधा डोळे मिटून करतात, त्यांना तो करायला सांगितलेला आवडतो. त्याची मजुरी जास्त पडेल, ती घासाघीस न करता द्या.

पैसे देण्याआधी टॉपच्या एका टोकाला दोन्ही हात टेकवून लांबीच्या दिशेने अंगाचा पूर्ण जोर लावा. टेबल सरकलं तर चालेल, त्याला खाली वजन ठेवता येतं. कुरकुरलं किंवा डुललं तर मिस्त्रींना तिथेच सांगा आणि सांधा पुन्हा आवळून घ्या.